डिस्क काढून बघा

उचगावात जुने सर्व्हर विकणारा तो माणूस चालू डिस्क कानाजवळ धरून ऐकत असे. खरखर वाटली की ती बाजूला ठेवून देई.

आमची ही गेल्यावर तिच्या गाण्याच्या वर्गांच्या चित्रफिती ठेवायला मी त्याच्याकडून एक सर्व्हर आणि दोन मोठ्या डिस्क घेतल्या. दोन्हींवर तेच राहणार होते. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. सगळे भरून झाल्यावर त्याने दुकानातच एका वर्गाची चित्रफीत लावली. ही कुणाला तरी रागावत होती, "आधी सा लाव. घाई कसली?"

"आता एक डिस्क उपसा," तो म्हणाला.

"चालू असताना?"

"व्हय. गिऱ्हाइकानं सोताच्या हातानं काढल्याबिगर मी मशीन देत न्हाय. उद्या खरंच बिघडली तर तुमी एकटंच असणार की, पावणं."

माझा हात पुढे होईना. तो रस्त्याकडे बघत चहा पीत राहिला. शेवटी मी डिस्क ओढली. पडद्यावर ही तशीच बोलत होती.

"बघा, त्यांना कळलं बी न्हाय."

त्याने कप खाली ठेवला आणि डिस्क परत बसवली.

"आता दुसरीवरनं हिच्यावर समदं परत भरून यायला लई वेळ लागतोय. बसा. तवर बोलू द्या त्यांना."