नाल्यात उलटलेली गाडी

लग्नानंतरच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदाच नवऱ्याच्या नोकरीच्या गावी निघाले. मंगरूळपीरपासून आत, डोंगरातल्या एका वस्तीवर ते शाळामास्तर होते. मोटारीतून फाट्यावर उतरून थांब, मी बैलगाडी घेऊन येतो, असा त्यांचा निरोप होता.

मी उतरले, मोटार धुरळा उडवत निघून गेली. गाडीचा पत्ता नव्हता. फाट्यावर एक निंबाचं झाड, बाकी सगळीकडे सागाच्या टेकड्या. ऊन कलायला लागलं तशी मला रडू कोसळलं.

तेवढ्यात तट्टावर बांगड्यांच्या पेट्या लादून एक मनियार आणि त्याची बायको आली.

“काहून रडून राह्यली वं?” तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं.

“आमी तिकडंच चाललो. चाल आमच्यासंगं.”

“पण त्यायनं मले इथंच थांबाले सांगतलं.”

“वाट एकच हाय. येत असन तर रस्त्यातच भेटन.”

मनियारानं माझी वळकटी तट्टावर टाकली. वाट म्हणजे नुसते गोटे. एक टेकडी चढलो, उतरलो, दुसरी चढलो. कुठं घर नाही, माणूस नाही. पुढच्या नाल्याशी मोकळे सुटलेले दोन बैल चरताना दिसले आणि खालून हाक आली, “कोन हाय तिकडं?”

आवाज त्यांचाच होता. मी धावतच नाल्यात उतरले. गाडी एका कुशीवर उलटली होती आणि त्यांचा पाय चाकाखाली अडकला होता. गाडीवाला तापानं पडला म्हणून त्यांनी स्वतःच गाडी जुंपून आणली होती. रानडुक्कर आडवं गेलं आणि बैल बुजले.

“तू कशी आली?” एवढंच ते बोलले. ओठ कोरडे पडले होते.

मनियारीणबाईनं त्यांना पाणी पाजलं. मनियारानं एक दांडगं लाकूड शोधून गाडीखाली सारलं. त्यानं आणि मी ते दाबलं, गाडी थोडी उचलली गेली, आणि बाईनं त्यांना काखेत धरून मागं ओढलं.

पाऊल काळंनिळं पडलं होतं. “बोटं हालवा मास्तर,” मनियार म्हणाला. बोटं हलली. मी तिथंच दगडावर मटकन बसले आणि रडत रडत हसायला लागले.

लाकूड दाबताना माझ्या हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या. निघण्याआधी बाईनं पेटी उघडली. “मोकळ्या हातानं घरात जाऊ नोको,” म्हणत तिनं मला हिरव्या बांगड्या भरल्या. पैशांचं विचारलं तर रागावलीच.

गाडी तिथंच सोडून त्यांना तट्टावर बसवलं. पेट्या मनियारानं डोक्यावर घेतल्या, बैल मी हाकले. शेवटच्या चढावरून वस्तीतल्या चुलींचा धूर दिसला, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

“हे तुझं घर,” त्यांनी तट्टावरूनच बोट दाखवलं. दोन खोल्या होत्या, दाराला कुलूप, आणि किल्ली त्यांच्या खिशात होती. मी ती काढून घेतली आणि आधी पाहुण्यांसाठी चहा टाकला.