सासुरवाडीच्या अंधाराचा भाव

ग्रिडभाऊने सासऱ्यावर डूख धरून अख्खी सासुरवाडी अंधारात घातली, अशी कुजबूज कार्यालयातल्या चहाच्या यंत्राभोवती चांगलीच रंगली होती. सासऱ्यांनी चारचौघांत त्याच्या गाडी चालवण्याची टिंगल केली होती, हा पुरावा. सांगणाऱ्यांत टायपिस्टबाई आघाडीवर. तो अंधार त्यांनी म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

पाहिला होता खरा, पण नकाशावर. ग्रिडभाऊचं काम म्हणजे पाच विभागांच्या विजेचं मॉडेल संगणकात उभं करणं. कुणाकडे वारा, कुणाकडे धरण, कुणाकडे कोळसा. कुणी कुणाला कधी वीज दिली म्हणजे सगळ्यांचं मिळून स्वस्तात भागेल, ते यंत्राने सांगायचं. यंत्राने या खेपेला सांगितलं, दक्षिणेत दिवे लावूच नका! चार विभाग पिवळेधमक, दक्षिण काळीकुट्ट. आणि बायकोचं माहेर नेमकं तिथलं.

आज दुपारी हा निकाल साहेबांपुढे जायचा होता. दक्षिणेकडे नवी वीजवाहिनी टाकायची की नाही, ते त्यावरच ठरणार. बातमी काल घरी पोचली तशी बायको बॅग भरून माहेरी गेली. "आमच्याकडचे दिवे लागले की कळवा. मग बघू," एवढंच म्हणाली.

आणि आज सकाळीच सासरे कार्यालयात हजर.

"जावईबापू, आमचं काही चुकलं का?" आवाज मधाळ, म्हणजे पारा चढलेला.

"बाबा, मी नाही हो केलं. यंत्र फक्त स्वस्त काय ते बघतं."

"म्हणजे आम्हाला अंधारात ठेवणं स्वस्त पडतं तर!"

"तसं... हिशेबाने..."

"बोला, बोला. लेकीला जसंच्या तसं सांगतो."

ग्रिडभाऊने खुर्ची संगणकाकडे ओढली. त्याने वाहिन्या तपासल्या, धरणाचं पाणी तपासलं, वाराही तपासला. सगळं जागच्या जागी. सासरे शेजारच्या खुर्चीत ठाण मांडून प्रत्येक क्लिकला "हं" म्हणत होते. शेवटी तो अंधाराच्या भावापाशी आला. मॉडेलला तोही सांगावा लागतो. एखाद्या विभागाची वीज गेली तर नुकसान केवढं धरायचं? भाव चढा असेल तर यंत्र धावपळ करून वीज पोचवतं, नसेल तर खुशाल हात झटकतं. दक्षिणेचा रकाना कोरा होता. कोरा म्हणजे यंत्राच्या लेखी फुकट.

त्याने घाईघाईने शेजारच्या पूर्व विभागाचा आकडा तिथे टाकला. सासऱ्यांचा चष्मा पुढे सरकला.

"पूर्वेइतकाच? अहो, तिथे माझा साडू राहतो. त्याचा अंधार आणि माझा अंधार एकाच भावात?"

"बाबा, जास्त टाकला तर साहेब विचारतील."

"विचारू द्या की. सांगा, सासरे आहेत."

ग्रिडभाऊने डोळे मिटून बटण दाबलं. उघडले तर दक्षिण लखलखत होती, आणि वाऱ्याच्या विभागाकडून तिच्याकडे एक जाडजूड रेघ निघाली होती. दुपारी साहेबांनी वाहिनीला मान डोलावली.

संध्याकाळी बायको बॅगेसकट दारात. "बाबा नाराज आहेत हं. तुम्ही त्यांना मावसोबांच्या ओळीत बसवलंत."

"आणि तू?"

"मी आले ना!" म्हणत तिने बॅग त्याच्या हातात दिली.

खरी गोष्ट एवढीच. बाकी चार विभागांचे भाव त्याने भराभर टाकले होते. दक्षिणेपाशी आल्यावर कुठलाही आकडा बायकोला कमीच वाटेल असं त्याच्या मनात आलं, म्हणून तो रकाना त्याने नंतर भरायला ठेवला आणि विसरला.