‘वैनगंगा’ विकायला नेताना

पीटरबरोच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा तिच्यावर आम्ही दोघं होतो, आणि खरं कशासाठी निघालो आहोत हे दोघांपैकी मलाच ठाऊक होतं. भाऊजींच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या लेखी ही नेहमीची उन्हाळी सहल होती. कालव्यांतून, तळ्यांतून ओरिलियापर्यंत जायचं आणि रमतगमत परत यायचं. ओरिलियात एक जोडपं ही बोट विकत घ्यायला थांबलेलं होतं. हे ताईनं, सस्काटूनला असलेल्या माझ्या भाच्यानं आणि मी मिळून ठरवलं होतं. भाऊजींना तिथे पोचल्यावर सांगायचं, आणि ते मी सांगायचं.

“आधी बोलू नकोस,” ताई रिचमंड हिलच्या तिच्या स्वयंपाकघरात माझ्या डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या भरताना म्हणाली होती. “वाटभर जिवाला लावून घेतील.” मला या देशात आणलं ते ताईनं. तिच्या बेसमेंटमध्ये राहून मी शिकलो. तिला नाही म्हणायची मला सवय नाही.

भाऊजी विसरायला लागले होते, हे खरं. ग्रोसरीहून येताना घरचा रस्ता चुकले होते. स्टोव्ह चालू ठेवून तासभर बाहेर फिरून आले होते. पण बोटीवर ते एकदाही चुकले नव्हते. हे आम्हा तिघांना माहीत होतं आणि आम्ही ते एकमेकांत कधी बोललो नाही.

भाऊजी भंडाऱ्याचे. वैनगंगेत पोहून वाढलेले. बोटीच्या मागे त्यांनी ‘वैनगंगा’ असं देवनागरीत रंगवून घेतलं होतं आणि प्रत्येक लॉकवर (दोन्हीकडून दारं असलेला पाण्याचा हौद, यातून बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेतात) कोणीतरी ते काय लिहिलंय म्हणून विचारायचंच. भाऊजींना तेवढंच हवं असायचं.

पीटरबरोतच पहिलं आश्चर्य आहे. तिथे हौद भरत नाहीत, अख्खा हौदच उचलतात. मंगल कार्यालयाएवढे दोन टब शेजारी शेजारी, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो.

“मोटर कुठेय, सांग,” भाऊजींनी विचारलं.

“असेल खाली कुठेतरी.”

“नाहीच न बे. वरच्या टबात वीतभर पाणी जास्त घेतात. त्या वजनानं तो खाली येतो अन् आपल्याला वर ढकलते. बस.” जन्मभर इंजिनियरिंग केलेला माणूस हे दरवेळी नव्यानं सांगतो आणि दरवेळी खूश होतो. आम्ही वर जात होतो. खाली शहराची झाडं, छपरं, पार्किंगमधल्या गाड्या लहान होत गेल्या. मी फोटो काढले. ताईला पाठवले. तिनं फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

साध्या लॉकमध्ये भिंतीला उभ्या तारा असतात. त्यांच्याभोवती दोर घेऊन हातात धरायचा, बांधायचा नाही. बांधला तर पाणी उतरताना बोट भिंतीला लटकते. लेकफील्डला माझ्या हातून दोर सुटला आणि बोटीचं तोंड फिरून शेजारच्या बोटीच्या अंगावर गेलं.

“अंतरपाट धरल्यासारखा काय धरून राहिला बे? ओढ.” शेजारच्या बोटीवरची बाई हसली. तिला शब्द कळले नव्हते, सूर कळला होता.

पुढे स्टोनी लेक. गुलाबी खडकांची बेटं, त्यांवर वाकडी पाइनची झाडं, आणि मधून पाण्याची वाट इतकी अरुंद की खडकावरची शेवाळ दिसावी. भाऊजी नकाशा न बघता निघाले. वाट दाखवायला पाण्यात लाल आणि हिरवे बोये (तरंगते खांब) असतात. चढाच्या दिशेनं जाताना लाल नेहमी उजव्या हाताला ठेवायचा. भाऊजी एक हात चाकावर आणि दुसऱ्या हातात चहा घेऊन जात होते. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो आणि मनात, हे ओरिलियात कसं सांगायचं, याची वाक्यं जुळवत होतो. एकही वाक्य धड होईना.

फेनेलन फॉल्सला आम्ही उतरून बटर टार्ट खाल्ले. भाऊजींचं मत असं की ही पाकात अंडं घातलेली पुरी आहे आणि ताईच्या पुरणपोळीपुढे काहीच नाही, तरी त्यांनी दोन खाल्ले. “तुझ्या बहिणीला सांगू नको,” म्हणाले. मला हसू आलं.

बालसम लेक हा या वाटेचा माथा. तिथून पाणी दुसऱ्या बाजूला उतरतं. कर्कफील्डला पुन्हा तसाच उचलणारा टब आहे, फक्त इथे आपण वरून खाली जातो. टबाच्या कडेला बोट उभी असते आणि समोर पाण्याऐवजी एकदम हवा, खाली शेतं आणि गुरं. उतरून बाहेर पडलो तेव्हा भाऊजी पुढे हात करून म्हणाले, “आता ध्यान ठेव. इथून उतार. इथून पुढं लाल डाव्या हाताला.”

मी हो म्हटलं.

जेवण झाल्यावर त्यांनी चाक माझ्याकडे दिलं आणि खाली जाऊन आडवे झाले. आम्ही कॅनल लेकवर आलो होतो. उथळ तळं, पाण्याखाली बुडालेल्या झाडांची खोडं, मधून आखलेली एकच वाट. समोर लाल बोया दिसला. इतके दिवस हाताला वळण लागलं होतं. मी तो उजवीकडे घेतला.

खालून खरवडल्यासारखा आवाज आला आणि बोट थरथरून थांबली.

भाऊजी बनियनवर वर आले. काही न विचारता त्यांनी मला बाजूला केलं, इंजिन बंद केलं, बांबूनं ढकलून बोट मोकळी केली, मग हलकेच वाटेवर आणली. बोट ढकलणारा पाण्यातला पंखा वाकला होता. बोट तापात कुडकुडल्यासारखी चालत होती. पुढच्या लॉकपर्यंत चाक त्यांच्याच हातात होतं.

बॉलसोव्हरच्या लॉकवर उन्हाळी नोकरी करणारी एक कॉलेजातली मुलगी होती. आवाज ऐकून तिनं हसत विचारलं, “हू वॉज ड्रायव्हिंग?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. खरंच विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रश्न मी आधीही पाहिला होता, घरी, गोळी घेतली का नाही हे ताईकडून समजून घेताना. पण बोटीवर कधी नाही.

पहिला क्षण नुसत्या शरमेचा होता. तासाभरापूर्वी सांगितलेली गोष्ट मी विसरलो होतो. मग मला सुचलं की गप्प बसलो तर पुढचं सगळं सोपं होईल. हे मला सुचलं. दुसऱ्या कोणी सुचवलं नाही.

“मी,” भाऊजी शेवटी त्या मुलीला म्हणाले. “आय थिंक इट वॉज मी.”

संध्याकाळी लॉकच्या भिंतीला बोट लावून आम्ही चहा घेत होतो.

“सुधीर, मी खाली झोपलो होतो नं? मला तसं वाटून राहिलं.”

“जाऊ द्या हो भाऊजी,” मी म्हणालो. “होतं असं.”

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “बोटीवर नव्हतं होत.”

कालव्याच्या तोंडाशी एका मेकॅनिकनं जादाचा पंखा बसवून दिला आणि आम्ही लेक सिमकोवर आलो. समोरचा काठ नीट दिसत नाही एवढं तळं. वारा सुटला की लाटा उंच होत नाहीत, पण जवळजवळ येतात आणि बोटीला दम घेऊ देत नाहीत. भाऊजींनी चाक घ्यायला नकार दिला. माझ्या मागे, दांडीला धरून उभे राहिले. एका लाटेनं बोट अशी कलली की खाली भांडी कोसळली.

“भाऊजी, घ्या हो तुम्ही.”

“लाट कोनात घे. सरळ नको घेऊ,” ते म्हणाले. आणि मग हळूच, “नाही तर मला विचारू नको बे. मी काहीतरी चुकीचं सांगेन.”

ते बरोबर सांगत होते. मी लाट कोनात घेतली आणि बोट सावरली. हेही मी त्यांना सांगितलं नाही.

ओरिलियाचा धक्का दिसू लागला तेव्हा तेच म्हणाले, “इथं कोणी घेत असेल तर पाहा. विकून टाकू. कोणाचा जीव जायचा एखाद्या दिवशी.”

म्हणजे मला काही सांगावंच लागलं नाही. ते जोडपं धक्क्यावर आलं. “पाहा बे, किती लवकर गिऱ्हाईक भेटलं,” भाऊजी माझ्या कानात म्हणाले. त्यांनी त्या दोघांना इंजिनाची प्रत्येक खोड समजावून सांगितली, आणि कॅनल लेकची गोष्टही, स्वतःची चूक म्हणून, काही न लपवता. मागच्या नावाबद्दल बाईनं विचारलं. त्यांनी नदीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, फार सुंदर, पण आम्ही नातीचं नाव घालणार आहोत. भाऊजी म्हणाले, चांगलं.

मी वॉशरूममध्ये जाऊन ताईला फोन केला.

“कसे काय तयार झाले?”

“झाले,” मी म्हणालो.

ती आम्हाला न्यायला आली. परतीच्या वाटेवर भाऊजी आपणहून मागच्या सीटवर बसले. घरी पोचल्यावर त्यांनी स्वतःच्या गाडीची चावी तिच्या हातात दिली. ती रडली, सुटकेनं असेल. मी स्कारबरोला माझ्या घरी आलो. आल्यावर सगळ्यांनी विचारलं, ट्रिप कशी झाली. मी फोटो दाखवले. उचलणाऱ्या टबाचे फोटो लोकांना फार आवडतात.

विसरणं होतंच, ते वाढलं असतंच. पण आधी भाऊजी विसरले तरी भांडायचे. मी गोळी घेतली, तू मोजायला चुकली, असं ताईला ठणकावून सांगायचे, आणि कधीकधी त्यांचंच खरं निघायचं. आता भांडत नाहीत. जेवलो का, हे विचारतात. थंडी वाजतेय का, हेसुद्धा तिलाच विचारून ठरवतात. ताईला वाटतं आजार वाढला. डॉक्टरांनाही तसंच वाटतं. तसं का वाटतं, हे फक्त मला माहीत आहे.

म्हणून हिवाळ्यात, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून देण्याच्या निमित्तानं मी गेलो आणि बेसमेंटमध्ये त्यांच्यासमोर बसून सांगितलं. कॅनल लेकवर चाक माझ्या हातात होतं. तुम्ही खाली झोपला होतात. लाल बोया मी चुकीच्या हाताला घेतला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“काहून खोटं बोलून राहिला बे?”

“खोटं नाही, भाऊजी.”

“मला आठवते न. लाल समोर आला, मी उजवीकडे घेतला. तू ओरडला पण, डावीकडे, डावीकडे म्हणून. मीच ऐकलं नाही.” मग जिन्याकडे तोंड करून त्यांनी ताईला हाक मारली, “ऐकलं का, तुझा भाऊ माझी चूक स्वतःवर घेऊन राहिला. चांगला पोरगा आहे.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जेवणापासून, ते खाली गेले तिथपासून. ते मान हलवत ऐकत राहिले, लहान मुलाची समजूत काढावी तसे, आणि माझं बोलणं संपल्यावर त्यांनी मला विचारलं की तेव्हा बोट आपटली त्यात मला कुठे लागलं तर नव्हतं ना.