कळपाबाहेरची सोयरीक

पेशीच्या आतली साफसफाई बिघडली, तर मेंदूत नेमक्या हालचाल सावरणाऱ्या पेशीच आधी का मरतात? प्रस्तुत लेखकाला याचे उत्तर देता आलेले नाही. पिशोर गावच्या बानाबाई मात्र उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

नवऱ्यामागे, २०१२च्या दुष्काळात, मेंढरे विकून त्या मुलगा अंगदला घेऊन शहरात आल्या आणि नव्या वसाहतींच्या बांधकामांवर विटा वाहू लागल्या. चाळिशीआधीच हात थरथरू लागले. मुकादम म्हणाला, "बाई, सकाळीच घेऊन आलीस का?"

"व्हय, तुझ्याच घरी पिऊन आले!"

शहरातल्या क्रांती चौकाजवळच्या डॉक्टर मेघा यांनी रक्ताची तपासणी करवली आणि कंपवाताचे निदान समजावले. पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया असतात. त्यातले खराब झालेले खूण करून मोडीत काढले जातात. ही खूण करणारे प्रथिन बानाबाईंच्या शरीरात धड बनतच नव्हते. म्हणून निकामी घटक साचले आणि पेशी मरत गेल्या. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला, तरच हा आजार होतो. बानाबाईंचे आईवडील आते-मामे भावंडे होती.

आणि अंगदची सोयरीकही पाळण्यातच ठरलेली होती, बानाबाईंच्या भावाच्या, मल्हाररावांच्या मुलीशी, सत्यशीलेशी. अंगदमध्ये आईकडून एक दोष आलेलाच होता. सत्यशीलेतही तो निघाला, तर नातवंडांचेही हात असेच हलण्याचा धोका होता.

बानाबाई पिशोरला भावाकडे गेल्या. "दादा, आधी पोरीचं रक्त तपास, मंग तारीख धर."

"माझ्या पोरीत खोट काढती व्हय? मामाची पोरगी आपल्यात कवा कुणी सोडली?"

वाड्यात मेंढरे बसली होती. त्यांत लांबच्या बाजारातून आणलेला नवा एडका, पैदाशीचा नर, उठून दिसत होता.

"आपल्याच कळपातला एडका का ठिवत नाय रं?"

"कोकरं लुळी निघत्यात."

"मंग?"

मल्हारराव उसळले. "मेंढरं आन् माणसं एकच व्हय? ऊठ माझ्या दारातून!"

"उठते. पण तपासल्याबिगर हे लगीन व्हऊ द्यायची नाय. हात हालत्यात माझे, शबूद हालायचा नाय."

तपासणी झाली नाही, सोयरीक मोडली. भावकीने बानाबाईंशी बोलणे टाकले.

मे २०१९ मध्ये सत्यशीलेचे लग्न अजिंठ्याच्या, नात्याबाहेरच्या घरात झाले. बोलावणे नसताना बानाबाईंनी तिथे जाऊन अक्षता टाकल्या.