श्रीमती कोरलेला गुंड

नवा रायपुरातल्या ऑफिसात मी उत्खननात निघालेल्या खापरांची चित्रं काढायचे. एका वाडग्याच्या तुकड्यावर तीन ब्राह्मी अक्षरं ओरखडलेली होती, बहुधा मालकाचं नाव. साहेबांनी प्रदर्शनाच्या पाटीसाठी मजकूर लिहिला: या काळात बाहेरून नवे लोक येऊन इथे वसले.

माझं डोकंच फिरलं. खालच्या, म्हणजे त्याआधीच्या काळातल्या थरांतल्या वाडग्यांची चित्रंही मीच काढली होती. तीच माती, तोच काठ, बुडाचा गोलसुद्धा तोच, फक्त अक्षरं नव्हती. जेवणारे तेच असतील, त्यांच्यातलाच कोणी लिहायला शिकला असेल, एवढं साधं का लिहू नये, असं मी साहेबांना विचारलं.

"दीदी, लिखावट बदली मतलब लोग बदले," म्हणत साहेबांनी फाईल मिटली. आता शाळेची पोरं ती पाटी वहीत उतरवणार, आणि वर चित्र माझं!

दुसऱ्या दिवशी ब्राह्मणपाऱ्यातल्या घरून आईचा गुंड, म्हणजे पाण्याचा पितळी हंडा, मांडीवर घेऊन मी बसनं ऑफिस गाठलं. आईनं तो गोल बाजारात घेतला तेव्हा मी सोबत होते. घाट अगदी आजीच्या गुंडाचा. नाव टाकणाऱ्याला आईनं मराठीतून सांगितलं, त्यानं हिंदी पद्धतीनं 'श्रीमती' कोरलं. आमच्यात नवरा असलेल्या बाईला 'सौ.' लिहितात. आई भर बाजारात कडाडली, "काहून भैया, माहा नवरा जित्ता हाय न! श्रीमती काहून लिवलं?"

"दीदी, सबका यही लिखते हैं."

गुंड टेबलावर आदळून मी हे सगळं साहेबांना ऐकवलं. "सर, हमारे उधर विदर्भ में ऐसा ही गुंड होता है. बर्तन वही, घर वही. सिर्फ लिखावट बदली. लोग बदले क्या?"

साहेबांनी गुंड फिरवून नाव वाचलं आणि ते मनापासून हसले. "पर दीदी, आप लोग तो बाहर से ही आए हो न? अभी आप ही बोलीं, हमारे उधर."

माझा जन्म रायपुरातला. शाळा, लग्न, नोकरी सगळं इथलं. 'उधर' मी चार लग्नांपलीकडे कधी गेले नाही. तरी तो शब्द माझ्याच तोंडून निघाला होता. चिडून रडूच आलं.

पाटी होती तशीच छापून आली. पुरावा मीच घरून नेऊन दिला होता.