विळ्यावरचं तांबं

उधन्यातल्या आमच्या कारखान्यात सर्किट बोर्ड बनायचे. बोर्डावरचं नको असलेलं तांबं जळजळीत रसायनात विरघळवायचं, हे माझं काम. शेठनं बजावलं होतं: उरलेल्या पाण्यात भंगार लोखंड टाक, तांबं त्यावर बसू दे, मग चुना घाल आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोड. पण मला मेल्याला धीर कुठला! मी पिंपाचं बूच काढून सगळं सरळ मागच्या गटारात सोडायचो.

ते गटार माझ्याच चाळीमागून जायचं. एकदा शेजारच्या खानदेशी वहिनी विळा घेऊन आल्या. काठावरचा अळू कापताना विळा गटारात पडला होता आणि सापडला तेव्हा लाल झाला होता.

"देखा ना भाऊ, लोखंडनं तांबं व्हई गयं! खरं शे ना?"

"खरं आहे," मी म्हणालो.

त्यांनी विळा देव्हाऱ्यात ठेवला आणि आनंदानं त्याच अळूच्या वड्या पाठवल्या. पोट बिघडलंय सांगून मी ताट परत केलं. भिंतीपलीकडे त्यांची पोरं माझ्या वाट्याच्या वड्यांसाठी भांडत होती.