गळका पत्रा बुजवल्यावर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खाट सरकवणं. घाटकोपरच्या डोंगरावरचं आमचं घर, वर पत्रा, आणि तो गळायचा बरोबर आमच्या उशाशी. मी चाळीस वर्षं अंधेरीपासून मुलुंडपर्यंत लोकांच्या गच्च्यांना डांबर लावलं, त्यांची गळती बंद केली. स्वतःच्या पत्र्याला मुहूर्त मिळाला नाही. पावसाळ्यात धंदा जोरात, घरच्या पत्र्यावर कोण चढतो.

खाट एका बाजूने बायकोने उचलली, दुसरीकडून मी. मग तिने गळतीखाली तोप ठेवला आणि टपटप ऐकत बसली.

"आज जरा घाईत आहे," म्हणाली, पाण्याबद्दल, आणि हसली.

"हसतेस काय? पाणी घरात येतंय."

"येतंय ना. तुमच्यापेक्षा वेळेवर येतं."

तिसऱ्या दिवशी तिला हॉस्पिटलात नेलं. परत आणली ती झाकून.

तेरावं झालं, पाहुणे जेवून गेले, आणि दुसऱ्या दिवशी उघडीप बघून मी पत्र्यावर चढलो. गोणपाट, गरम डांबर, सगळं चोख. गिऱ्हाइकाचंसुद्धा इतकं मन लावून कधी केलं नव्हतं. शेजारी म्हणाले, म्हातारा खमका आहे. संध्याकाळी पाऊस कोसळला. आत एक थेंब नाही. त्या कोरड्या ठाक घरात मला पाच मिनिटं बसवेना. आयुष्यात एकदा घरासाठी अक्कल चालवली, ती अशी.

तेव्हापासून पाऊस आला की मी बाहेर पायरीवर. पावसाचं कौतुक मला कधीच नव्हतं. कौतुकवाले खूप पाहिलेत. एखाद्या इमारतीत वरच्या मजल्यावरची बाई खिडकीत कॉफी घेऊन उभी, "किती छान वातावरण आहे," आणि तिचंच छत गळतंय म्हणून मी डोक्यावर गोणी घेऊन तिच्या गच्चीत ओणवा. छान वातावरण.

यंदा एका दुपारी गल्लीतल्या दोन पोरी पायरीसमोरच्या वाहत्या पाण्यात बांध घालत होत्या. विटेचे तुकडे, चिखल, कुणाची तरी तुटकी चप्पल. इतकं वाईट काम मला बघवेना.

"अगं, आधी फटी बुजव. खालून पाणी जातंय."

"तुम्ही करा मग," मोठी म्हणाली. आठ-नऊ वर्षांची असेल.

उतरलो. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. चिखल मळला, विटा बसवल्या, असा बांध केला की पाणी जागचं हलेना. पोरी बघत राहिल्या, मग कंटाळल्या.

"आजोबा, हा तर फुटणारच नाय."

"नाहीच फुटणार."

"मग घातला कशाला?" धाकटी म्हणाली आणि मधल्या विटेला लाथ घातली.

पाणी सुटलं. चप्पल वाहत निघाली, तिच्यामागे पोरी ओरडत, आणि त्यांच्यामागे मी, सत्तरी ओलांडलेला, चिखलाने भरलेल्या लेंग्यात. जन्मभर पाणी अडवलं. ते सुटताना बघायला एवढी मजा येते हे कुणी सांगितलं नव्हतं. बायको सांगत असेल. मी कधी ऐकलं?

नेमका तेव्हाच मुलगा गल्लीत शिरला. तो बोरिवलीला अठराव्या मजल्यावर राहतो, आणि आई गेल्यापासून मला तिकडे न्यायच्या मागे आहे. तो छत्रीखाली, मी चिखलात.

"बाबा, वय काय तुमचं, करताय काय? उद्या सकाळी येतो. बॅग भरून ठेवा. हे घर भाड्याने देऊन टाकू."

त्याच्याकडे चार दिवस राहून आलोय. काचा बंद, एसी चालू. बाहेर पाऊस पडतोय हे सून मोबाइलमध्ये बघून सांगते. पोरगा वाईट नाही, काळजीनेच बोलतो. आणि इथे एकट्याने राहणं म्हणजे काही चैन नाही, उशाशेजारची जागा रोज अंगावर येते. पण तिकडे काचेमागे बसलो, तर बायकोकडून शिकायचं राहिलेलं शिकणार कुठे?

सकाळी पाऊस होता. मुलाचा फोन आला. "बाबा, खाली नाक्यावर आहे. पाणी भरलंय, रिक्षावाला वर यायला तयार नाही. तुम्हीच बॅग घेऊन उतरा."

"बॅग भरली नाही. मी येत नाही."

"हे असं फोनवर सांगतात का?"

तेही खरं. पोटचा पोर आहे, तोंडावर सांगायला हवं. छत्री खुंटीला होती, तिथेच राहू दिली. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि उताराने निघालो, कडेच्या दगडांवरून नाही, मधल्या पाण्यातून.